तीनदा विसळलेली नळी

पाणी तपासायची पेटी लाकडी असते. तिच्यात काचेच्या दोन नळ्या, फिक्यापासून गडदपर्यंत पिवळ्या काचांची एक चकती आणि औषधाची एक बाटली. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे, पाच मिनिटं थांबायचं. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. चकतीशी रंग ताडून बघायचा आणि वहीत लिहायचं. एवढ्या भांडवलावर शामरावांनी पालिकेच्या पाणीखात्यात एकवीस वर्षं नोकरी केली.

त्यांची पेटी खात्यात सगळ्यात स्वच्छ. महिनाअखेरीला नळ्या आम्लाने धुवायच्या, चकती मलमलीने पुसायची, जुनं औषध टाकून नवं भरायचं, हे सगळं ते सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं करत. साहेब नव्या माणसांना ती पेटी मुद्दाम दाखवत. पेटीवरून पेटीवाला कळत नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

नियम असा, की ज्या नळाचं पाणी तपासायचं, त्याच पाण्याने नळी आधी तीनदा विसळायची. गिरगाव, दादर, परळ, सगळीकडे शामराव हा नियम पाळत. फक्त नायगावातल्या एका चाळीत पाळत नसत. त्या वस्तीच्या नळाला हात लावला म्हणजे फणसवाडीत घरी परतल्यावर आंघोळ आली. म्हणून ते घरून पाण्याची बाटली नेत. तिने नळी विसळत, आणि विसळलीच आहे तर, पुढेपुढे तिनेच भरायला लागले. फणसवाडीचं पाणी नायगावात नेऊन तपासायचं, ‘उत्तम’ लिहायचं आणि परत यायचं. असं तीन वर्षं चाललं. चाळीतल्या बाया बघत, पण या साहेबांचं काही शास्त्र असेल म्हणून गप्प बसत. एकटी मालन तेवढी हंडा भरता भरता विचारायची, “साहेब, आमचं पाणी कधी तपासणार?”

शामराव ऐकू न आल्यासारखं करत.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार झाले, संचारबंदी लागली. चाळीच्या टाकीत क्लोरीन टाकणारा माणूस चार दिवस घरात अडकला. शामरावांकडे पास होता. ते गेले, घरची बाटली तपासली, ‘उत्तम’ लिहिलं. त्याच आठवड्यात चाळीत हगवण लागली आणि मालन गेली. चौकशी झाली. वहीत पाणी उत्तम होतं, तेव्हा दोष भांड्यांवर गेला. ‘मयत स्त्रीच्या घरातील अस्वच्छ भांडी’ असा शेरा पडला. गोळीबारातही कामावर गेल्याबद्दल शामरावांना शाबासकीचं पत्र मिळालं. ते त्यांनी चौकटीत बसवलं नाही, ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. मग खटपट करून नायगावचा भाग सहकारी बाबुरावांच्या गळ्यात घातला.

साठ सालच्या एप्रिलअखेर बाबुराव रजेवर गेले आणि तो भाग चार वर्षांनी पुन्हा शामरावांकडे आला. दुसऱ्या दिवशी नवं राज्य होणार होतं. भर दुपारी ते चाळीत पोचले तर बोळ रिकामा. बहुतेक माणसं रोषणाईच्या तयारीत रस्त्यावर होती. मोरीपाशी अंधार होता आणि ओल्या राखेचा वास. नळाखाली एक बाई पाठमोरी बसून हंडा भरत होती.

शामराव थांबले. भरत्या हंड्याचा आवाज चढत जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? हा चढत नव्हता. पाणी पडत होतं, पडतच होतं...

“बाटली आणलीत, साहेब?” तिने वळून न बघता विचारलं.

बाटली पिशवीत होती. सवय, दुसरं काय. तिने मागे हात केला. का कोण जाणे, त्यांनी त्या हातात नळी ठेवली.

“एक...” तिने विसळली. “दोन... तीन.”

भरलेली नळी तिने कठड्यावर ठेवली. शामरावांनी थेंब सोडले, घड्याळ लावून पाच मिनिटं मोजली. पाणी तसंच राहिलं. लख्ख.

“किती आलं?”

“काही नाही.”

“मग तसं लिहा.”

त्यांनी वही उघडली.

“आई अजून भांडी घासते, साहेब...”

लेखणी कागदावर टेकली. ‘काही नाही’, एवढंच तर लिहायचं होतं. पण ते लिहिलं की विचारणा होणार, मागच्या वह्या निघणार, बाटली निघणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शामरावांनी नळी मोरीत रिकामी केली, पिशवीतली बाटली काढली, घरच्या पाण्याने नळी तीनदा विसळली आणि भरली. थेंब पडताच पाणी छान पिवळं झालं. त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं.

मान वर केली तर मोरी कोरडी होती. भिंतीत नळ नव्हता. बूच मारलेला पाइपाचा एक तुकडा होता, त्यावर जाळं.

“साहेब, तिकडं कुठं? नळ पलीकडं नेला, चार वर्षं झाली.” जिन्याखाली रमाबाई, मालनची आई, पितळी हंडा घेऊन बसली होती. हाताला कोपरापर्यंत राख. मागे उघड्या दारातून बुद्धाची तसबीर दिसत होती, आणि फळीवर ओळीने भांडी. एवढी चकचकीत भांडी शामरावांनी फणसवाडीतही पाहिली नव्हती.

“बघून घ्या,” ती म्हणाली. “दिवसातनं तीनदा घासते. तेव्हाही घासायची. पोरीच्या नावावर घाण लावली लोकांनी.”

“स्वच्छ आहेत,” शामराव म्हणाले.

“मग लिहाल तेवढं?”

“बघतो.”

ते निघाले. वही काखेत होती, लेखणी खिशात.

नव्या राज्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी गिरगावात नळी भरली, थेंब सोडले. पाणी तसंच राहिलं. नवं औषध घेतलं, तरी तसंच. दादरला तसंच, परळला तसंच. रजेवरून आलेल्या बाबुरावांनी त्याच नळाला, त्याच पेटीने तपासलं, तर हळदीसारखं पिवळं. नळी शामरावांच्या हातात आली की पाणी बिनरंगाचं.

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “शामराव, नळी नीट धूत जा हो. भांडंच अस्वच्छ असलं तर पाण्याचा काय दोष?”

शामरावांना त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. ते “होय साहेब” म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी तांब्याभर पाणी पुढे ठेवून ते नुसते बघत बसले.

“अहो, प्या की,” समोर भाजी निवडत बसलेली त्यांची बायको कौसल्या म्हणाली. “माझ्या हाताने घासलाय तांब्या. बघा, कसा लखलखतोय.”

घरात ती दोघंच होती. आत मोरीत कोणीतरी हंडा भरत होतं. शामराव कान देऊन बसले. आवाज चढत नव्हता.