दोरीचा जास्तीचा झटका

पाण्याखालच्या वेल्डिंगचं जादा प्रमाणपत्र मिळालं तर आपल्या धाकट्या बहिणीच्या पदरात काय पडेल, याचा हिशोब ताईने आधीच मांडून ठेवला होता. मुकादमाची बोलणी बंद, हाताखाली माणसं आणि झालंच तर एखादं बरं स्थळ. वेल्डिंगमध्ये धाकटीचा हात धरणारा कोणी नव्हता. कामाबाहेरही नव्हता, हीच ताईची काळजी.

प्रशिक्षण केंद्राच्या दारातच एकाने तिचं हेल्मेट उचललं.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"अरेच्चा! मग माझं डोकं कुठे गेलं?"

हा पाइप फिटर. चिठ्ठ्या टाकल्या, तर तिची दोरी नेमकी त्याच्याच वाट्याला आली.

शिकवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. मामा कमी बोलत. "खाली एक जण, वर त्याची दोरी धरणारा एक. एक झटका म्हणजे 'ठीक आहे ना?'. जितके झटके येतील, तितके परत द्यायचे. लागोपाठ चार म्हणजे हातातलं टाकून वर. आणि दोरी हातातून सोडायची नाही." मग टाकीकडे न बघता म्हणाले, "इथे एकदा सुटली आहे. खालचा वर आलाच नाही."

टाकीतलं पाणी मुद्दाम गढूळ केलेलं. स्वतःचा हातही दिसत नसे. वरून एक झटका यायचा, ती एक परत द्यायची... आणि मग, जरा थांबून, दोरीला आणखी एक यायचा. अगदी हलका. झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून दारावर नुसतं बोट टेकवावं, तसा.

एका दुपारी केस पुसता पुसता तिने विचारलं, "तो शेवटचा झटका कोणत्या पुस्तकात आहे हो?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मी तेच विचारणार होतो."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"पण... बंद नका करू."

"मी कशाला बंद करू?"

घरी ताई म्हणाली, "दोरीने बोलता? मग होकारही घेऊन टाक, तो त्या दोरीला बांधलेला आहे तोवर!"

परीक्षेच्या दिवशी वेल्डिंगची वीज चालू-बंद करायला भिंतीवरच्या स्विचपाशी जो माणूस असायचा, तो आलाच नाही. मामांना कळलं असतं तर परीक्षाच रद्द, पण ते आडोशाला हवेच्या पंपापाशी होते. तिची संधी हुकू नये म्हणून फिटर गप्प राहिला. खालून 'वीज दे'चे दोन झटके आले, तशी त्याने दोरी कठड्याला बांधली आणि भिंतीकडे धावला. वीज दिली, पण वेळ पडली तर बंद होते ना ते बघायला जातो, तर खटका अडकलेला.

खाली तिला एक झटका आला. तिने एक दिला. मग तो हलका. आज पहिल्यांदाच तिनेही एक हलका परत दिला... 

बराच वेळ काहीच नाही. मग चार. सणसणीत.

जोड अर्धा होता. आता सोडला तर नापास. पण त्या हातावर तिचा भरवसा होता. ती वर निघाली, आणि मागे साखळी तुटून वर टांगलेला लोखंडी सांगाडा ती गुडघे टेकून बसली होती तिथेच कोसळला.

शिडीवरूनच ती ओरडली, "तू बोलावलंस म्हणून वाचले रे!"

तो भिंतीपाशी होता. दोन्ही हात खटक्यावर.

"मी... दोरीला हात लावला नव्हता." मग धावत आलेल्या मामांना म्हणाला, "मामा, दोरी बांधून गेलो. मला नापास करा."

"केलं," मामा म्हणाले. "आणि पोरी, तू जोड उद्या पुरा कर. संकेत पाळलास, पास."

तिने हळूच विचारलं, "आणि रोजचा तो शेवटचा?"

"तो तर तू द्यायचीस ना?"

दोघांनी कठड्याकडे पाहिलं. मामांनी टोपी काढली आणि पाण्याला म्हणाले, "आज वेळेवर आलास रे."

पुढच्या तुकडीत फिटर पुन्हा बसला. दोरी धरायला तीच. त्याचा पट्टा आवळताना ती म्हणाली, "झटके दुसऱ्याचेच निघाले. मग तुझं माझ्यावरचं ते... ते कोणाचं?"

"ते माझंच. झटके नसते, तरी असतं."

"आता सांगतोस? पाण्यात उतरताना?"

"वर आल्यावर उत्तर दे म्हणजे झालं. वर यायला निमित्त हवं ना."

तो उतरला. तिने एक झटका दिला, एक परत आला. मग तिने, मुद्दाम, एक हलका दिला. उत्तर होकाराचं होतं.

खालून दोन आले. एक अधीर. दुसरा जरा थांबून... दारावर बोट टेकवल्यासारखा.

तर हिशोब असा. ताईचे सगळे अंदाज खरे ठरले. फिटरला एक परीक्षा जास्तीची पडली, बायको मिळाली, सौदा स्वस्तच. उरला तिसरा, पाण्यातला. या लग्नात खरी किंमत त्याची होती, आणि ती तो कधीच भरून बसला होता.