पेटीतला ताप

कामठीच्या रस्त्याला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथं, एक लहानसं हवामान केंद्र होतं. तारेचं कुंपण, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि गवतात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी. हवा आत खेळावी पण ऊन शिरू नये म्हणून तिला चारही बाजूंनी झिलमिल्या होत्या. आत थर्मामीटर. सकाळ-संध्याकाळ पारा वाचून तारेनं कळवायचा, हे रुपराव परात्यांचं काम.

रुपराव उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. बापाचा माग बंद पडला, तसे मॅट्रिकच्या जोरावर इथं लागले. मागावरची निगा मात्र हातात राहिली होती. पेटीच्या फळ्या ते लेकराचं तोंड पुसावं तशा पुसत. हवेतला दमटपणा मोजायला एका थर्मामीटरच्या टोकाला ओली मलमल बांधावी लागे. ती त्यांची बायको सुभद्रा धुऊन द्यायची.

"एवढंसं टोपडं," ती हसायची, "बाळंतिणीच्या घरचं वाटते."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. दोघांनी तो विषयच सोडून दिला होता.

त्रेपन्न सालच्या डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी रुपरावांनी पेटी उघडली आणि ते थबकले. कमाल तापमानाचा थर्मामीटर डॉक्टरच्या थर्मामीटरसारखाच असतो. चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही. रात्रीतून तो अठ्ठ्याण्णव फॅरनहाइटच्या वर चढून बसला होता. बाजूचा साधा थर्मामीटर बावन्न दाखवत होता. गवतावर दव होतं.

कुणीतरी मुठीत धरला असेल, त्यांना वाटलं. पण पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला.

त्यांनी पारा झटकला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कुलूप बदललं, तरी तेच. शेवटी शहरातल्या कचेरीतून वामनराव साहेब नवा थर्मामीटर घेऊन आले. नव्यानंही तोच आकडा दाखवला. साहेबांनी पेटीत हात घातला, क्षणभर ठेवला, आणि झटकन काढून पॅन्टला पुसला.

"लाकूड खराब झालंय," ते म्हणाले. "सोमवारी नवी पेटी पाठवतो. ही फोडून टाका, रुपराव."

जीपपर्यंत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी पारा एकशे एकवर होता. चहा पिता पिता रुपरावांनी ते सुभद्राला सांगितलं. तिचा हात कपावरच थांबला.

"काहून वं, अशी काहून पाहून राहिली?"

"अवो, हे हवेचं नाही. हा ताप आहे."

"कोणाले?"

तिनं कप खाली ठेवला आणि दारातून पेटीकडं पाहिलं.

रविवारी सकाळी एकशे दोन. दुपारी एकशे तीन. रुपरावांनी पेटीला बाहेरून हात लावला; लाकूड गार होतं. दार उघडून चेहरा जवळ नेला, तर आतून गरम, दमट हवा येत होती. येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. तिला तापकऱ्याच्या तोंडाचा वास होता.

त्यांनी दार लोटलं. आपण ते किती अलगद लोटलं, हे त्यांना नंतर कळलं.

सुभद्रा पितळी घमेल्यात विहिरीचं पाणी आणि जुन्या लुगड्याचा धडपा घेऊन आली.

"सरका."

"सुभद्रा, सरकारी पेटी आहे ते."

"तापल्या जिवाले सरकारी काय न् घरचं काय? उद्या फोडाले निघाले तुमी त्याले."

रुपराव सरकले. तिनं कपाळावर ठेवतात तशी ओली घडी आतल्या फळीवर ठेवली. घडी बघता बघता कढत झाली. तिनं पिळली, पुन्हा ठेवली. रुपरावांनी घमेलं धरलं. पाणी कोमट झालं की विहिरीवर जाऊन बदलून आणलं. खरं तर भ्यायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण भीती वेगळीच वाटत होती. हा उतरला नाही तर?

"उतरते का वं?"

"उतरन. बोलू नका."

ऊन कलंडलं. सुभद्राच्या बोटांना सुरकुत्या पडल्या. मग पेटीच्या आतल्या झिलमिल्यांवर बारीक थेंब फुटू लागले, आधी वर, मग खालपर्यंत.

"घाम सुटला," ती म्हणाली, आणि गवतात बसून रडू लागली. रुपरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

झटकलेला पारा पुन्हा चढला नाही. आकडे जागेवर आल्याचं रुपरावांनी कळवलं. नवी पेटी नको, असंही कळवलं. वामनराव साहेबांनी एका शब्दानं काही विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. रुपरावांनी कुलूप काढून दार उघडलं. गार वारा आत शिरला.

दार त्यांच्या बोटांतून हळूच सुटलं.

आपटलं नाही. थंडीत पांघरूण ओढून घ्यावं, तसं कुणीतरी ते आतून ओढून घेतलं.

रुपराव उभे राहिले. धुकं विरलं, फळ्यांवर कोवळं ऊन आलं. मग त्यांनी एका बोटानं दारावर टकटक केली.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पेटीला आतून कडी नव्हती.