नुसतं म्हणायचं असतं

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. लाँड्रीतल्या मुकादमानं नाही, सख्ख्या भावानं नाही, आणि त्या पोलिसानं तर नाहीच. तो माझं बोलणं ऐकता ऐकता पेनाच्या टोपणानं कान कोरत होता. मी चौथी शिकलेली बाई आहे, तोंडानं फटकळ आहे, पण खोटारडी नाही. म्हणून आता लिहूनच काढते. वाचा, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

आम्ही घरात तिघी बायका. मी, माझी धाकटी बहीण आणि आमच्या दादाची बायको, म्हणजे वहिनी. नवरा गेल्यापासून मी दादाकडेच राहते आणि इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला जाते. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तिचं लग्न ठरता ठरता मोडलं आणि तेव्हापासून पोरगी हसणंच विसरली होती. एक दिवस ती कुठल्याशा बेटाचं पत्रक घेऊन घरी आली. निळं पाणी, नारळाची झाडं, रंगीत घरांची गल्ली, चौकात बँड आणि नाचणारी माणसं.

"अक्का, चार दिवस. आपण तिघीच. दादाला न्यायचं नाही."

त्या दिवशी जेवताना ती गुणगुणत होती. मग मी कशाला नाही म्हणेन?

रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता बेत चालायचे. टोप्या कसल्या घ्यायच्या, बोटीत मळमळलं तर काय करायचं, सकाळी अंघोळीला आधी कोण.

"वन्सं, तुम्ही पोहायचा पोशाख घालणार ना?" वहिनीनं विचारलं.

"मी घातला तर समुद्र मागं सरकेल."

"मग बरंच की! चालतच जाऊ बेटावर."

वहिनी अशीच. मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवायची. कुणी अंघोळीला गेलं की बाहेरून कडी लावायची आणि तोंडात पदर कोंबून हसत उभी राहायची.

राहायच्या जागेला फोन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला फसवायची कुणाची छाती होत नाही. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मी पत्रकावरचा नंबर लावला. एका बाईनं उचलला. मऊ आवाज, जराही घाई नाही. तिच्या मागे बँड वाजत होता, माणसं खिदळत होती. मी सगळं विचारून घेतलं. गरम पाणी, समुद्र किती लांब, चादरी रोज बदलतात का.

"खोलीला कडी नीट आहे ना? आम्ही बायकाच आहोत."

"आहे ना. बाहेरून."

मला वाटलं, हीसुद्धा आमच्या वहिनीच्या जातीची. मी हसले. "बरं, घरी बोलून कळवते. येते."

बँड थांबला. खिदळणं थांबलं. एखाद्या गर्दीनं एकदम मान वळवून आपल्याकडे बघावं, तसं.

"या," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी, भर अकरा वाजता, मी सुकवणीच्या खोलीत गेले. तिथं दोऱ्यांवर चादरी टांगलेल्या असतात आणि खालून गरम हवा येते. दार नुसतं ढकलायचं. त्याला कडी नाही, कुलूप नाही. मी चादरी खांद्यावर टाकल्या, वळले, दार ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं. पाठ लावली, लाथ मारली. भिंतीला मारल्यासारखी.

साबणाचा वास गेला होता. खारट, कुबट वास येत होता, बरेच दिवस बंद असलेल्या खोलीतल्या गादीचा. खांद्यावरच्या चादरीकडे बघितलं. आमच्या प्रत्येक चादरीवर इस्पितळाचा निळा शिक्का असतो. हिच्यावर नव्हता.

आणि पलीकडे बँड वाजत होता. तिथं बॉयलर आहे हो, दुसरं काही नाही! पण पावलं वाजत होती, घंट्या वाजत होत्या, कुणी कुणाला हाका मारून बोलावत होतं. मी ओरडले. गळा बसेपर्यंत ओरडले. भिंतीपलीकडे एवढी माणसं, आणि एकालाही माझी हाक ऐकू जात नव्हती.

भिंतीवर फोन वाजला. आमच्या सुकवणीत फोन नाहीच.

"आवडली का खोली?" तोच मऊ आवाज. "उन्हं उतरली की चौकात नाच असतो... इथून छान ऐकू येतो."

"दार उघडा."

"तुम्ही म्हणालात, येते."

"अहो बाई, निघताना जाते म्हणू नये म्हणून येते म्हणतात... नुसतं म्हणायचं असतं..."

"इथं नुसतं कुणी म्हणत नाही."

हवा तापत चालली होती. चादरी अंगाला चिकटायला लागल्या. "बाहेर कसं पडायचं?"

"खोली रिकामी ठेवता येत नाही. कुणाचं तरी नाव द्या."

आता जे लिहिते ते मी पोलिसाला सांगितलेलं नाही, दादालाही नाही. मी म्हणाले, "जिला हौस आहे तिला न्या!"

"नाव?"

"धाकटी."

दार उघडलं. मी बाहेर पालथी पडले.

"अगं, आत्ता तर आत गेलीस," मुकादम म्हणाला. "भोवळ आली असेल. पाणी पी."

पाणी कसलं पिते! धावत घर गाठलं. धाकटीची सुट्टी होती. ती आतल्या खोलीत दार लोटून नवे कपडे घालून बघत होती. बाहेर वहिनी टोपीला रिबीन शिवत बसली होती.

"बेत रद्द! कुणी कुठं जायचं नाही!"

मी फोनचं सांगितलं, खोलीचं सांगितलं. नाव दिल्याचं तेवढं गिळलं. वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "वन्सं, बोटीची भीती वाटते म्हणा की सरळ!"

आतून धाकटी ओरडली, "अक्का, आत येऊ नकोस हं! पाठीचं बटण लागू दे."

मग दार आतून ढकलल्याचा आवाज आला.

"वहिनी... कडी काढ ना."

वहिनीचा हात सुईसकट थांबला. "मी इथं बसलेय गं."

"पुरे आता, वहिनी. आत फार उकडतंय... आणि हा बँड कुठं वाजतोय?"

त्या दाराला बाहेरून कडी नाही. कधीच नव्हती. आम्ही दोघींनी खांदे लावले, दादानं येऊन पहारीनं दार फोडलं. आत कुणी नव्हतं. खिडकीचे गज जागच्या जागी. पलंगावर तिचे उतरवलेले कपडे. मी हात लावून बघितलं, अजून कोमट होते.

पळून गेली, असं दादा म्हणाला. मोठी बाई आहे, गेली असेल कुणाबरोबर, असं पोलीस म्हणाला. वहिनीचं हसणं बंद झालं, आणि घरातलं एकही दार ती लावू देईना.

मी रोज तो नंबर फिरवायचे. असा नंबरच नाही, असं उत्तर यायचं. नवव्या दिवशी सकाळी लागला.

"मी येते," मी म्हणाले. "आत्ता येते. तिला सोडा."

"तुमचं येते एकदा ऐकलं आम्ही. आता तिची पाळी आहे. कुणामुळे अडकली ते ती सांगेल... ज्याचं नाव घेईल त्याला खोली."

"मग तिला फोन द्या!"

बँड जवळ आला.

"अक्का?" धाकटीचा आवाज. "अक्का, इथं खिडकी आहे, पण ती रंगवलेली आहे गं... बाहेर सगळे नाचतायत..."

"ऐक. माझं नाव घे. मी दिलं तुला त्यांना. स्वतः सुटायला मी तुझं नाव दिलं."

ती हसली. किती दिवसांनी हसली!

"चल, काहीतरीच. मला सोडवायला खोटं बोलतेस. तू असं करशील?"

"केलं गं! देवाशपथ केलं! माझं नाव घे!"

"तू कशाला अंगावर घेतेस? मला माहीत आहे कडी कुणी लावली."

माझं ओरडणं ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून आली. साबणाचे हात तसेच, डोळे भरलेले. "धाकट्या वन्सं आहेत का?" तिनं हात पुढं केला. "द्या ना... द्या माझ्याकडे."

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती चौकट आहे. तिच्या पाठीमागं त्या चौकटीत मला दार दिसलं. निळ्या रंगाचं, कडी आमच्या बाजूला.

"नाव?" तिकडं मऊ आवाजानं विचारलं.

मी माझंच नाव घेऊन किंचाळत होते. पण धाकटी काउंटरवर गिऱ्हाईकाशी बोलते तशी स्वच्छ, ठाम बोलली.

"वहिनी."