बाकाशेजारचा भात

ही गोष्ट खरी आहे. आत्माराम माझा सख्खा मामा, आणि त्याला गोष्टी रचता येत नाहीत. ही रात्रीची नाही, भर दुपारची आहे. तरी जेवायला बसण्याआधी वाचू नका.

१९५८चा ऑक्टोबर. जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळचं एक लहान गाव. मामा तिथे राहून इंजिनिअरिंग शिकत होता. निघताना आजीने त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं, मांस तोंडात घालायचं नाही. मामाने ते पाळलंही होतं.

मग तार आली. आबा, म्हणजे मामाचे वडील, गेले.

परत जाणं शक्य नव्हतं. सांगलीत थोरल्या श्रीरंगमामाने सगळं केलं. पण इकडे मामाच्या जिवाला चैन पडेना. दहाव्या दिवशी त्याने खोलीवर भात शिजवला, पिंड केला आणि मित्राला, सुधीरला, घेऊन गावातल्या बागेत गेला.

बाग नवी होती. गुलाबांचे वाफे, कापलेलं गवत, एक बाक. युद्धात उडालेली बाजारपेठ बुजवून ती केली होती.

बाकाशेजारी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते. एकही खाली येईना.

"आबा, आईला मी सांभाळीन."

कावळे ढिम्म.

"आबा, शिकून परत येईन."

काहीच नाही...

"आत्म्या, आटप रे, लोक बघतायत," सुधीर कुजबुजला.

मामा रडकुंडीला आला. "जे खायचं-प्यायचं राहिलं असेल ते मी पुरं करीन! शब्द देतो!"

या खेपेला आबांचं नाव घ्यायचं राहून गेलं.

सगळे कावळे एकदम उडाले.

आणि मग...

चप... चप... चप...

बाकाशेजारी कुणीच नव्हतं. पिंडही नव्हता. गवतावर पांढरी, ओशट चरबी माखली होती. डुकराची. त्या वासाने सुधीरला तिथेच ओकारी आली.

संध्याकाळी घरमालकीण फ्राऊ ब्रेंडल म्हणाली, "त्या बाकापाशी? हो, हो... तिथे मेट्झगेराय होती. खाटकाचं दुकान. बाँब पडला आणि खाटीक तळघरात गाडला गेला. टांगलेलं मांस सडलं, तेही त्याने खाल्लं. प्रेत बाहेर काढलं तेव्हा तोंड भरलेलं होतं."

त्या दिवसापासून मामाच्या वरणावर पांढरा तवंग धरू लागला. दूध नासल्यासारखं लागे. उपास केला तरी ढेकर यायची... चरबीची.

एका शनिवारी तो भानावर आला तेव्हा गावातल्या दुसऱ्या खाटकाच्या दुकानात उभा होता.

खाटकीण सुरी पुसत हसली. "नेहमीचंच ना, आत्माराम? कच्चंच?"

नेहमीचंच...

मामाच्या दातांत काहीतरी अडकलेलं होतं. तो रस्त्यावर येऊन भडाभडा ओकला. काय पडलं ते मी लिहिणार नाही.

शिक्षण अर्धवट टाकून तो सांगलीला परतला आणि श्रीरंगमामाजवळ मन मोकळं केलं.

"दादा, आबांचा जीव अडकला होता रे. म्हणून मला शब्द द्यावा लागला."

श्रीरंगमामा त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे, इथे तर पिंड ठेवल्याठेवल्या कावळा शिवला. आबांचं काहीच राहिलं नव्हतं."

मग मामाने शब्द दिला कुणाला?

मी आजोळीच वाढलोय, त्यामुळे रोज त्याला बघतो. तो खाली मान घालून जेवतो. अंगणातलं मांजर त्याच्या ताटाजवळ येत नाही. आजीला यातलं कुणीच काही सांगितलेलं नाही.

परवा वाढता वाढता ती त्याच्याजवळ वाकली आणि थबकली.

"आत्माराम, तुझ्या तोंडाला हा वास कसला रे?"

मामाने तोंड घट्ट मिटलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ताटातल्या भाताला त्याने अजून हातही लावला नव्हता.

आणि त्या मिटलेल्या तोंडातून...

चप... चप...

मी आता त्याच्या पंक्तीला बसत नाही.