खाबुऱ्याच्या हॉटेलातला फोन

ओमानातल्या बरका गावी शेतावर जेवणं उरकली आणि पोरांनी मधुकाकांना घेरलं. काकांनी आधी अंगणातला दिवा मालवायला लावला.

"भूत मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पण तानाजी माझ्या कंपनीतला माणूस. एसीचं काम करायचा. खोटं बोलायला गेला की अडखळायचा. त्यानं सांगितलं तसं सांगतो. मध्ये बोलायचं नाही."

दोन हजार पंचवीस सालची सोळा जानेवारी. गुरुवारची रात्र. तानाजी निघाला होता एका साध्याच कामाला. प्रितमची गाडी इथे बरक्याजवळ, हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी बंद पडली होती. सोबत बायको तृप्ती. त्या दोघांना घेऊन परत यायचं, एवढंच.

"पण हॉटेलात कोण बसणार?" तानाजीनं फोनवर विचारलं.

"क्षितिजला सांगितलंय रे. पोचतोच आहे तो. तृप्ती थंडीनं कुडकुडतेय इथे, तू नीघ बघू!"

प्रितमनं सांगितल्यावर तानाजी दुसरा विचार करायचा नाही. दोघं चिपळूणकडचे, एकाच वाडीतले. प्रितमनंच त्याला ओमानला आणलं. कित्येक वर्षं एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले.

आता हे हॉटेल कुठलं, ते ऐका. इथून तासाभराच्या वाटेवर, खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर जनार्दनभाऊ आलं-वेलचीचा चहा विकायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे. पत्र्याचं छप्पर आणि पुढे नुसती वाळू. सकाळी होड्या लागल्या की ओमानी कोळी तिथे, संध्याकाळी आपली माणसं तिथे. कुणाला मुलगा झाला, कुणाची नोकरी सुटली, कुणाचा बाप गावी वारला, बातमी आधी तिथे यायची. मग एका कंपनीच्या मनात आलं, किनारा सुधारायचा. फरश्या, कारंजं, काचेचं रेस्टॉरंट. हॉटेल पाडायचं.

सगळं गाव उठलं. कोळी उठले, दुकानदार उठले. जागेची मालकीण उमामा, म्हातारी बाई, ती सगळ्यांच्या पुढे. आणि तिच्याहून मोठा आवाज प्रितमचा. "आधी माझ्या अंगावर मशीन घाला," म्हणायचा, "मग हॉटेलावर." लोक टाळ्या वाजवायचे.

या सगळ्या धावपळीत, डिसेंबरात, जनार्दनभाऊ गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. पण गावानं हॉटेल बंद पडू दिलं नाही. सरकारी कचेरीतल्या साहेबांनी शब्द दिला होता, रविवारी निकाल देतो. तोवर दार उघडं असेल आणि आत माणूस असेल, तर कुणी हात लावणार नाही. कंपनीनं वीज तोडली. टेलिफोनची तार कापली. लोकांनी कंदील लावले आणि पाळ्या ठरवल्या. रात्रीची पाळी तानाजीची.

तर तानाजी पंपावर पोचला. पंपावर चिटपाखरू नव्हतं. गाडी नाही, प्रितम नाही. फोन लावला तर बंद. आजूबाजूला फिरून आला, पुन्हा लावला. बंदच.

मग क्षितिजला लावला. दिवसाच्या पाळीचा तो पोरगा झोपेतून उठला.

"कसलं हॉटेल, दादा? मला कुणी काहीच सांगितलं नाही."

तानाजीनं फोन ठेवला. काय करावं सुचेना. हात आपोआप चालले. रोज लावायचा तो हॉटेलचा जुना नंबर त्यानं लावला.

रिंग गेली.

कुणीतरी उचलला.

"बोला, हॉटेल."

तानाजी बोलणार होता, आणि थांबला. तार तर कापलेली. आणि हा आवाज...

"भाऊ...?"

"तान्या, खंय गेलंस रे?"

तानाजी गाडीला टेकला. फोनमध्ये समुद्र ऐकू येत होता. त्याच्यावर हळूहळू दुसरा आवाज चढला. घरघर. मोठं इंजिन. मग कुणीतरी अगदी जवळून बोललं.

"यल्ला, यल्ला, चलो. अंदर कोई नहीं है. उसको मैंनेच दूर भेजा है."

प्रितम.

मेलेल्या माणसाच्या आवाजानं तानाजीच्या अंगावर काटा आला होता. या जिवंत आवाजानं आत काहीतरी तुटलं. हाच आवाज त्याला पहाटे उठवायचा. तापात असताना हाच म्हणायचा, घोटभर पेज घे.

"शटर तोच खाली ओढता हा," भाऊ म्हणाले. रागावून नाही. नुसतं.

मग पत्रा फाटला. काच. भिंत.

"भाऊ, बाहेर या!" तानाजी किंचाळला. "बाहेर या हो!"

इंजिनाची घरघर थांबली.

"मी खंय जातलंय आता?"

आणि मग नुसता समुद्र.

तो परत कसा आला, त्याला आठवत नव्हतं. वाळूवर विटांचा ढीग होता. मशीन गेलं होतं. ढिगापाशी उमामा शाल गुंडाळून बसली होती. तिनं मान वर केली. तिचं हिंदी मोडकंतोडकं.

"तुम चला गया," ती म्हणाली. "प्रितम बोला, तानाजी डर गया, छोड के चला गया. सब लोग को बोला."

तानाजी तिच्याजवळ वाळूत बसला.

"नया होटल प्रितम चलाएगा. कंपनी बोला," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसली.

तो तसाच प्रितमच्या घरी गेला. पहाटेच्या नमाजाची, फजरची बांग होत होती. दार तृप्तीनं उघडलं.

"वहिनी, तुम्ही बरक्याला गेला होतात?"

"बरक्याला? आम्ही? कधी?"

मागून प्रितम आला. लुंगी, विस्कटलेले केस, डोळे चोळत.

"काय रे इतक्या पहाटे? रात्रभर घरीच होतो. ताप होता. फोन बंद करून झोपलो."

"मी ऐकलं तुला," तानाजी म्हणाला. "मशीनवाल्याशी बोलताना."

"कुठून ऐकलंस?"

"हॉटेलच्या फोनवरून."

प्रितम हसला. मोठ्यानं हसला. "अरे, तार कापलीय त्याची! वेड लागलंय तुला. तृप्ती, बघ याला."

तृप्ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराबाहेर बघत होती.

"गाडीला काय झालंय?"

प्रितमची गाडी फाटकात उभी होती. काचा आतून पांढऱ्या झालेल्या. घाम धरावा तशा. थेंब ओघळत होते...

"दव असेल," प्रितम म्हणाला. पण किल्ली आणायला गेला.

चारी दारं लॉक होती. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं.

आतून वाफ आली. आल्याची. वेलचीची.

ड्रायव्हरच्या सीटवर चहाचा चोथा होता. ओंजळभर. आत्ताच गाळणीतून उपडा केल्यासारखा. ओला. वाफाळणारा.

प्रितम दोन पावलं मागे सरला.

तृप्तीनं वाकून त्याला बोट लावलं...

आणि झटकन मागे घेतलं. पोळलं होतं.