पिसू चावेपर्यंत

डास चावेनासे झाले, तेव्हा सुकुमारअण्णांना बरंच वाटलं. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत संध्याकाळी अंगणात बसायचं म्हणजे डासांना जेवणाचं आमंत्रणच. पण गेला आठवडाभर एकही डास त्यांच्याजवळ फिरकला नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी रक्त बेचव झालं असेल, असं त्यांनी हैदराबादच्या मुलीला फोनवर सांगितलंसुद्धा. ती हसली आणि विषय तिथेच राहिला.

घरात अण्णांखेरीज दोघंच. दामू हा चौदा वर्षांचा कुत्रा आणि त्याच्या पोटाशी झोपणारी चिंगी मांजर. पत्नी पद्मा जाऊन चार वर्षं झाली होती. दामूला दिसत नव्हतं, कानही दोन वर्षांपूर्वी गेले होते. शाबूत होतं ते नाक. अण्णा स्वयंपाकघरातून ओसरीवर आले की तो मान वर करून हुंगायचा आणि शेपटी आपटायचा. दिवसभरात अण्णांच्या येण्याजाण्याची दखल घेणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

या उन्हाळ्यात दोन्ही जनावरांच्या अंगावर पिसवा झाल्या. अण्णा जैन, आणि नुसते नावापुरते नव्हेत. ते बारीक फणीने पिसवा विंचरायचे, झाकणाच्या डबीत धरायचे आणि कुंपणापलीकडे सोडून यायचे. पिसवा बहुधा त्यांच्याआधी घरी पोचत असाव्यात. शेवटी ते पशुवैद्य डॉ. अस्मा मुजावर यांच्याकडे गेले. जुन्या औषधांनी पिसवा मरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. शिवाय कुत्र्यांची काही औषधं मांजरीला लागली तर तिला झटके येतात, प्रसंगी जीवही जातो, आणि चिंगी तर दामूला चिकटूनच झोपते. मग त्यांनी नवं औषध काढलं. त्याचं नाव होतं गंधलोप.

मानेवर पाच थेंब, बस्स. त्यातले जिवंत सूक्ष्मजीव कातडीवर वस्ती करायचे आणि अंगाचा वास हवेत पसरण्याआधीच खाऊन टाकायचे. रक्त पिणाऱ्या किड्यांना मग समोरचं जनावर आहे की दगड आहे हेच कळायचं नाही. मरत कोणीच नव्हतं, कुत्र्याला आणि मांजरीला एकच मात्रा चालत होती, आणि तीन महिन्यांत ही वस्ती आपोआप उठायची. हे औषध आपल्यासाठीच शोधलंय, असं अण्णांना वाटलं.

हातमोजे घाला, थेंब टाका, चोळू नका, असं खोक्यावर छापलेलं होतं. अण्णांनी ते चष्मा लावून वाचलंही होतं. पण पद्मा नातवाची टाळू कशी भरायची ते त्यांनी महिनोन्महिने पाहिलेलं. थेंब नुसते ओतून उठायचं त्यांना जमेना. त्यांनी ते तळव्यावर घेतले आणि दोघांच्या मानेवर सावकाश जिरवत बसले, चांगली पंधरा मिनिटं. उरलेला ओला हात सवयीने स्वतःच्या डोक्यावरून फिरवला.

तिसऱ्या दिवशी फणीत एकही पिसू निघाली नाही. पाचव्या दिवशी दामू चिंगीवर गुरगुरला. ती बिचारी न्हाणीघराच्या फळीवर जाऊन बसली. आठवड्याने अण्णांनी त्याच्यापुढे हात धरला, तर त्याने तो हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मागे सरकत दारावर आपटला. अण्णा लांब गेल्यावरच तो ताटलीला तोंड लावू लागला. संध्याकाळी सहाला तो फाटकाशी जाऊन बसायचा. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तेव्हा या वेळेला घरी यायचे. आता तो त्यांची वाट पाहत होता, आणि ते त्याच्या शेजारीच उभे होते. इतकं एकटं त्यांना पद्मा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

डॉ. मुजावरांनी अण्णांच्या मनगटावर वासमापक टेकवला. पेनएवढं ते यंत्र, त्याचा काटा जागचा हलला नाही.

"अण्णा, हातमोजे घातले होते का?"

अण्णांनी टाळू भरल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी वासमापक बाजूला ठेवला.

"पाच हजार जनावरांवर चाचणी झालीय याची. यकृत, मूत्रपिंड, सगळं नीट. जनावरं एकमेकांना ओळखतात का, हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता. मी तरी कुठं विचारलं?"

"माझ्या अंगावरनं कधी जाईल हे?"

"माणसाचं कुणालाच माहीत नाही, अण्णा. साबणानं जाणार नाही. पिसू चावली तर समजायचं, वास परत आला."

दामूचं हृदय थकलंय, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दिवाळी तो बघेल असं त्यांना वाटत नव्हतं.

घरी आल्यावर दाराआडच्या खुंटीवर अण्णांना हिवाळ्यातला, फाल्गुनापर्यंत वापरलेला मफलर दिसला. आळसापायी धुवायचा राहिलेला. त्यांनी तो गळ्यात घालून दामूशेजारी बसकण मारली. दामूचं नाक थरथरलं. तो अडखळत आला आणि मफलरात तोंड खुपसून शेपटी फरशीवर आपटत राहिला. अण्णांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मफलरचं गळ्याला लागलेलं टोक दामूने हुंगलंच नाही, तो दुसऱ्या टोकाकडे वळला. अण्णांच्या अंगावरची वस्ती लोकरीतलाही वास खात होती. मग मफलर घट्ट झाकणाच्या डब्यात गेला. रोज संध्याकाळी सहाला अण्णा तो चिमट्याने काढायचे, दामूपुढे ठेवायचे आणि स्वतः हातभर लांब बसायचे. दामू मफलरावर डोकं टेकून झोपायचा. तो आपल्याजवळ झोपलाय की फाल्गुनातल्या कुणा माणसाजवळ, हे अण्णा मनातल्या मनात स्वतःलाच विचारायचे.

पिसवा सोडून द्यायला कुंपणापलीकडे जाणारे अण्णा आता पिसवा शोधायला निघाले. बाजार समितीच्या आवारात, हातगाड्यांखाली भटकी कुत्री पडलेली असतात. रोज सकाळी ते धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यांच्यात बसत. हमाल आधी हसले, मग चहा देऊ लागले. आषाढ गेला, श्रावणही गेला; ना पिसू चावली, ना डास. थकत चाललेला दामू आता मफलरकडेही जरा उशिराच वळायचा.

भाद्रपदातल्या एका सकाळी घोट्यावर खाज आली. अण्णांनी पाहिलं. लाल ठिपका, आणि त्याच्या बाजूला एक काळा कण टुणकन उडून गेला. हातातला चहा तसाच ठेवून ते घराकडे निघाले. त्या वयात पळणं बरं नव्हे, पण ते पळाले.

दामू ओसरीवर पडला होता. अण्णांनी डब्याला हात लावला नाही. ते त्याच्यापुढे बसले, घामेजलेला तळवा त्याच्या तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. दामूचं नाक हललं. एकदा, मग पुन्हा. शेपटी अजून फरशीवर निपचित होती. बाजारातल्या पिसूला जे कळलं, ते त्याला कळायला अजून किती वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ त्याच्याजवळ होता का?