गोल खिडकीचं झाकण

थांब, ते बुकिंगचं बटण इतक्यात दाबू नकोस. दे इकडे तो मोबाईल. सगळ्यात खालचा मजला, गोल खिडकी, समुद्राच्या अगदी जवळ... हं. फोटोत उजेड किती दाखवलाय बघा. आणि तुम्ही नवराबायको मला विचारताय, काका, ही खोली घ्यावी का? मी आयुष्यात बोटीत पाय ठेवला नाही. पण माझा साडू अशाच खोलीत राहून आलाय, त्याचं सांगतो. मग तुमचं तुम्ही ठरवा. जावईबापू, तेवढा गच्चीतला दिवा घालवा, किडे यायला लागले.

आधी चांगलं सांगतो. वरच्या मजल्यांवर बोट जेवढी डुलते तेवढी खाली, मधल्या खोल्यांत जाणवत नाही. हे खरं. पहाटे धक्क्याला लागताना खालून असा घरघराट होतो की कुणी भिंतीआड कपाट ओढतंय असं वाटतं, हेही खरं. खिडकी उघडत नाही. जेवायच्या ताटाएवढी गोल, जाड काच, खोल भिंतीत बसवलेली, आणि तिच्याखाली दोन-तीन हातांवर पाणी. मोठी लाट आली की काच पाण्याखाली जाते आणि सगळी खोली हिरवी होते.

आणि त्या काचेवर आतून एक लोखंडी झाकण असतं. ते कुणी फोटोत दाखवत नाही. वर बिजागरी, उघडलं की छताच्या आकड्याला अडकवून ठेवायचं. समुद्र खवळला की खोल्या सांभाळणारा माणूस येतो, त्याला स्टुअर्ड म्हणतात, झाकण खाली घेतो, कानवाले दोन पितळी नट हातानं आवळतो आणि आपल्या सहीचं पिवळं कार्ड झाकणाला अडकवून जातो. झाकण लावलं की कार्ड लावायचंच. हा त्यांचा नियम.

साडू माझा काचा बसवणारा. बेचाळीस वर्षं तेच काम. काचेभोवती लांबी भरतात ना, चौकटीत काच घट्ट बसावी म्हणून, त्या लांबीचा गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याच्या खिशात कायम. प्रवासातसुद्धा. खिडकी पुरी झाली की खालच्या डाव्या कोपऱ्यात ओल्या लांबीवर अंगठा दाबायचा, ही त्याची सही. कधीतरी काचेनं त्याचा अंगठा आडवा कापला होता, त्यामुळे ठशाच्या मधोमध चीर उमटते. तुझ्या माहेरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतही आहे, बघ कधीतरी.

त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. नजर कडेकडेनं जात जात मध्ये तेवढी उरली होती. अंधारात तर तिला काहीच दिसत नसे, हात धरून न्यावं लागायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हेही फार दिवस टिकणार नाही. तिनं जन्मात काही मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं. अंथरुणात पडल्या पडल्या समुद्रावर उजाडताना बघायचंय म्हणाली. लेकीनं चार रात्रींची सफर ठरवून दिली.

खोलीत शिरली, खिडकीसमोर उभी राहिली आणि हसायलाच लागली. तिला दिसायचं तेवढंच, गोल. म्हणाली, "अहो, ही तर माझ्या मापाची खिडकी आहे." उशी पायाशी घेऊन ती उलटी झोपली, डोळे उघडले की समोर खिडकी यावी म्हणून.

पहिल्या पहाटे साडू जागा झाला तो तिच्या आवाजानं. ती अंथरुणात बसून दोन्ही हातांनी डोळे चाचपत होती. "गेले हो," म्हणत होती, "माझे डोळे गेले." खोलीत मिट्ट काळोख. साडूनं धडपडत दिवा लावला. झाकण बंद होतं. दोन्ही नट करकचून आवळलेले. बाहेर केव्हाच उजाडलं होतं.

तिला पाणी पाजून तो तरातरा वर गेला, चौकशीच्या काउंटरवर. तळपायाची आग मस्तकात गेली होती. समोरची बाई गोड हसली. म्हणाली, समुद्र शांत होता, आम्ही कशाला झाकण लावू? कार्ड आहे का झाकणावर? नाही? मग आम्ही नाही लावलं. हा म्हणाला, दाराला आतून कडी होती, मी नाही, बायकोनं नाही, मग भुतानं लावलं का? बाई म्हणाली, हा फॉर्म भरा. ह्यानं भरायला घेतला. चष्मा खाली राहिला होता म्हणून परत खाली गेला, परत वर आला, तोवर रांग लागली होती. त्या फॉर्मचं पुढे काय झालं ते आजवर कुणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या रात्री ह्यानं आपली अक्कल चालवली. झाकण वर आकड्याला अडकवलं आणि आकडा लांबीनं लिंपून टाकला. सकाळी झाकण बंद. आकड्यावरची लांबी कुणीतरी खरवडून, छान गोळी वळून, त्याच्या चष्म्याशेजारी ठेवलेली. आणि मेहुणी भिंतीकडे तोंड करून पडलेली. ती रडली असती तर बरं झालं असतं असं तो मला म्हणाला. ती एवढंच म्हणाली की जाऊ द्या, कुठे भांडत बसता.

तो परत काउंटरवर. आज दुसरी बाई, हसू तेच. तिनं विचारलं की काका, तुम्हाला झोपेत चालायची सवय आहे का? साडू सांगताना अजून लाल होतो. अरे, ज्या माणसानं गावभर खिडक्या बसवल्या, त्याला स्वतःच्या बायकोसाठी एक खिडकी उघडी ठेवता येईना. ह्याचा त्याला खरा राग होता. त्या बायांवर उगाच निघत होता.

खाली आला तर त्यांचा स्टुअर्ड चादरी बदलत होता. केस पिकलेला, कमी बोलणारा माणूस. साडूनं त्यालाही झाडलं. तो शांतपणे उशी थोपटत म्हणाला, "ह्या खोलीचं झाकण मी कधीच लावत नाही, साहेब. मला लावावंच लागत नाही."

म्हणजे काय, असं ह्यानं खोदून खोदून विचारलं. शेवटी त्यानं सांगितलं की माझ्या आधी इथे एक जण ह्याच कामावर होता. एका रात्री ह्या खोलीचं झाकण लावायला त्याला उशीर झाला. ती त्याची शेवटची रात्र. जाताना दारात थांबून म्हणाला, रात्रीचं उघडं ठेवू नका.

असल्या बोलण्यानं माणूस घाबरतो. आमचा साडू चिडला.

तिसरी रात्र. एकोणीस तारीख, मंगळवार. संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं की रात्री समुद्र खवळेल, खालच्या खिडक्यांची झाकणं लावून घेतली जातील. साडूनं काय करावं? दोन्ही नट काढले. मेहुणीच्या चष्म्याच्या डबीत घातले आणि डबी उशाखाली ठेवली. आता लाव म्हणाला, कसं लावतोस बघू. साडेनऊला स्टुअर्डनं दार वाजवलं. ह्यानं दार न उघडताच सांगितलं की लावलंय आम्ही, तुम्ही जा.

हे खोटं बोलला तो. एका पहाटेसाठी.

बाहेर तो माणूस जरा वेळ उभा होता. दाराखालच्या फटीत त्याच्या बुटांची सावली दिसत होती. मग गेला.

दोन वाजून वीस मिनिटांनी साडूला जाग आली. घड्याळ समोरच होतं. खोली एकदा वर जात होती, एकदा खाली. कपाटाचं दार आपटत होतं. आणि दर लाटेला खिडकी पाण्याखाली. पहिल्यांदा दोन क्षण. मग चार. मग दहा.

आणि त्याला काच ऐकू आली.

तुम्हा-आम्हाला कळणार नाही. त्याला कळतं. काच तडकायच्या आधी बारीकशी बोलते म्हणतो तो. टिक्... मग काही नाही. मग पुन्हा, टिक्.

तो उठला. दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागेना. आकडा सोडला, झाकण खाली घेतलं. आता नट. उशाखाली हात घातला तर डबी नाही. बोट कलली तेव्हा कुठेतरी घरंगळली होती. गुडघ्यावर बसून चाचपलं. नाही. मागे झाकण उघडझाप करायला लागलं.

त्यानं दोन्ही तळहात झाकणावर ठेवले. अंगाचा भार टाकला.

मोठी लाट आली. झाकणाआड कडाड् झालं. काच गेली. कडेनं गार पाण्याची धार त्याच्या मनगटांवर आली, बाह्यांत शिरली. झाकण त्याला मागे रेटायला लागलं. बोटभर. दोन बोटं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, किती रेटणार?  

मग... भार कमी झाला.

एकदम.

झाकण जागेवर गेलं. धार थांबली. त्याच्या हातांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन हात होते. दिसत नव्हते, कळत होते. ओली बाही त्याच्या कानाला लागली. गार. पाठीमागे कुणीतरी उभं होतं.

त्या खोलीत पलंग आणि खिडकी ह्यांत एका माणसाला धड उभं राहता येत नाही. तिथे दोघं उभे होते.

साडूनं मान वळवली नाही.

श्वास ऐकू येईल म्हणून तो थांबला. स्वतःचा आला. दुसरा...

नाही.

मग पलंगावरून मेहुणी बोलली. अगदी घरात बोलावं तसं.

"अहो, बाजूला व्हा. त्यांना नीट उभं राहू द्या."

अंधारात तिला स्वतःचा हात दिसत नसे. सांगितलं ना मघाशी?

तो वाकून त्या हाताखालून निघाला. पलंगावर बसला, डोळे मिटले, तिचा हात धरला. उजाडेपर्यंत दोघं तसेच.

सकाळी सातला स्टुअर्ड आला. झाकण बंद होतं, नटांशिवाय. डबी पलंगाखाली कोपऱ्यात सापडली, नट तिच्यातच. त्यानं बोटीतल्या कामगारांना बोलावलं. बाहेरून पाणी अडवायची सोय करून त्यांनी झाकण जरासं उचललं तर मागे काच नव्हतीच. कुणी साडूला ओरडलं नाही. स्टुअर्डनं कोरं पिवळं कार्ड काढलं, सही करायला पेन उघडलं, आणि तसंच बंद करून खिशात ठेवलं.

शेवटच्या रात्रीला त्यांना वरच्या मजल्यावर भिंतभर काचेची खोली दिली. पहाटे साडूनं तिला उठवून काचेसमोर बसवलं. ती डोकं इकडे फिरवी, तिकडे फिरवी. म्हणाली, "फार मोठी आहे हो. सूर्य सापडत नाही." तो बोट दाखवत राहिला. तिला त्याचं बोटच दिसेना. एवढ्या खटाटोपानंतर ती पहाट तिला मिळाली नाहीच.  मलाही राग येतो. कुणावर यावा तेच कळत नाही.

चार महिन्यांत तिची नजर पूर्ण गेली.

तिला चेहऱ्यावर वारा तरी लागावा म्हणून साडूनं तिच्या खोलीला नवी खिडकी बसवली. आतल्या बाजूनं लांबी भरली, डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबला. कडी मात्र मुद्दाम वर, चौकटीच्या माथ्याशी. आंधळं माणूस चाचपत उघडायला जाईल आणि बोटं चिरडून घेईल, ही भीती. तिचा हात स्टुलावर चढूनही तिथे पोचत नाही.

आठवड्यानं आमच्या माळ्यावरच्या खिडकीची काच फुटली म्हणून मी त्याला बोलावलं. काम लांबलं आणि संध्याकाळी वादळ सुटलं. रस्त्यात झाड आडवं पडलं, गाड्या बंद. मेहुणी घरी एकटी आणि तिची खिडकी सताड उघडी. हा माझ्या घरात पिंजऱ्यातल्यासारखा फेऱ्या मारत होता. मला वाटेल ते बोलला, माझ्या माळ्यालाही बोलला. रात्री अकराला एकदाचा फोन लागला.

तो ओरडला, "खिडकी... अगं खिडकी उघडी आहे तुझी."

ती म्हणाली, "लावली की."

"कुणी?"

 ती म्हणाली, "झोपा आता तुम्ही." आणि फोन ठेवला.

सकाळी आम्ही दोघं गेलो. खिडकी बंद. वरची कडी घट्ट बसलेली. घरात कुणी आलं-गेलं नव्हतं, बाहेरच्या दाराला आतून अडसर होता, तो मेहुणीनंच आम्हाला काढून दिला. अंथरूण कोरडं. साडू खिडकीपाशी गेला आणि वाकला. मग मला बोलावलं.

डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा होता, मधोमध चीर असलेला. त्याच्या शेजारी दुसरा. त्याच्याहून मोठा, बिनचिरेचा, त्या अजून न वाळलेल्या लांबीत खोल दाबलेला. त्यात काहीतरी पांढरं सुकलं होतं. मी बोटानं टिपलं आणि जिभेला लावून पाहिलं.

मीठ होतं.